शिक्क्याआधीचं वजन

रिसोडच्या धान्य बाजाराच्या मागच्या गल्लीत शांतवन खिल्लारेचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक लांब टेबल, त्यावर पोट उघडून ठेवलेले दोन-तीन इलेक्ट्रॉनिक काटे आणि भिंतीवर सरकारी परवाना. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे तो दांडीचा तराजू शिकला, पुढे दांड्या गेल्या आणि बटणं आली, तेव्हा बटणंही शिकला. आता त्याचं वय त्रेपन्न आहे. पोत्यावर नुसता हात ठेवून तो वजन सांगतो आणि किलोभरही चुकत नाही, असं बाजारात म्हणतात. तो स्वतः मात्र म्हणतो, दोन किलो चुकतो.

भिंतीवर एक परवाना होता आणि गेली वीस वर्षं त्याला दुसरा हवा होता. रिसोडमध्ये ख्रिस्ती घरं बावीस. त्यांचे पास्टर चार गावं सांभाळतात, त्यामुळे महिन्यातून दोनच रविवार येतात. उरलेल्या रविवारी लोक जमतात, गाणी म्हणतात, प्रार्थना करतात आणि उपदेश न ऐकता घरी जातात. उपदेश करायला मंडळीचा, म्हणजे चर्चचा, स्थानिक उपदेशकाचा परवाना लागतो. त्यासाठी तोंडी परीक्षा असते. दोनदा नापास झालेल्या माणसाचं नाव यादीतून कायमचं निघतं आणि शांतवन मागच्या वर्षी एकदा नापास झाला होता.

त्याला नापास करणारे रेव्हरंड उबाळे बारीक अंगाचे, शांत आवाजाचे गृहस्थ. त्यांनी पहिलाच प्रश्न साधा विचारला होता.

"चोरी करणं वाईट का?"

"देवानं मना केलंय म्हणून."

"उद्या देवानं चोरी करा म्हटलं तर चांगली होईल?"

"देव तसं म्हणणारच नाही, साहेब."

"का नाही म्हणणार?"

"कारण चोरी वाईट आहे."

"म्हणजे देवानं सांगायच्या आधीच ती वाईट होती. मग ते ठरवलं कोणी? देवाच्या वर आणखी कोणी बसलंय का?"

शांतवन हातातल्या धंद्याकडे धावला. वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक वजनावर शिक्का मारतो, म्हणून काही ते वजन खरं होत नाही, असं तो म्हणाला. ते आधीच खरं असतं, म्हणून शिक्का मिळतो. उबाळे खूश झाल्यासारखे दिसले आणि त्यांनी विचारलं, वजन खरं आहे हे निरीक्षक कशावरून ठरवतो? त्याच्याजवळच्या वजनावरून. ते कशावरून? वरच्या प्रयोगशाळेतल्या वजनावरून. आणि ते? असं करत करत जेवणाच्या वेळेपर्यंत शांतवन दिल्लीला पोहोचला. तिथे धातूचा एक किलो काचेखाली ठेवलाय, एवढं त्याला माहीत होतं. "आणि तो?" उबाळेंनी विचारलं. शांतवन म्हणाला, "त्याच्या पुढं मी कधी गेलो नाही, साहेब." निकाल लागला : पुढच्या वर्षी या.

ते वर्ष शांतवननं हाच प्रश्न चघळत काढलं. काटा उघडला की गिऱ्हाईकालाही विचारायचा. कोणी म्हणे, पाप लागते म्हणून करू नये. कोणी म्हणे, पोलीस नेतात म्हणून. किन्हीराजाचे शेतकरी जानराव म्हणाले, "देव सांगते ते करावं अन् सरपंच सांगते ते करू नये, एवढं आमाले पुरते." सगळ्यात कामाचं बोलली त्याची बायको विजयमाला. ती अंगणवाडी सेविका, चाळीस पोरांची रोजची न्यायाधीश.

"मी बाहेर गेली की सारी पोरं एकमेकाले बदडतात," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "एकच पोरगी हाय, ते मारत नाही. मी नसली तरी नाही मारत."

"म्हणजे ते तुहं न ऐकता चांगलं वागते."

"कोण म्हणलं न ऐकता? तिच्याइतकं माहं कोणीच ऐकत नाही. बाकीचे माह्या डोयाले भेतात. तिले मी काय म्हणतो ते समजलं हाय."

शांतवननं हे वहीत लिहून ठेवलं. उपयोग कुठे करायचा ते त्याला कळलं नव्हतं.

परीक्षेची तारीख नोव्हेंबरातल्या एका रविवारी आली. सोयाबीनचा हंगाम, काट्यांची कामं बेसुमार. त्यात परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, रिसोडला काटे तपासून वर्षभराचे शिक्के मारण्याचं शिबिर होतं, म्हणून जो तो आधी काटा दुरुस्त करून मागत होता. परीक्षेच्या आधीच्या सोमवारी शांतवननं मोटारसायकलला पेटी बांधली आणि किन्हीराजा, जऊळका अशी दोन गावं उरकून आला.

या धंद्यात त्याचा स्वतःचा एक नियम होता. काटा लावायचा, म्हणजे त्याचा आकडा जुळवायचा, तो वीस-वीस किलोच्या दोन बिडाच्या वजनांनी. आधी एक ठेवायचं, मग ते उचलून दुसरं. दोन्हींना आकडा एकच आला तर वजनं बरोबर. एक वजन खोटं बोललं तर दुसरं त्याला पकडतं. त्या सोमवारी मात्र एकच वजन पेटीत होतं. दुसरं मंडळीच्या मंडपाची ताडपत्री उडू नये म्हणून दोरीला बांधलेलं होतं, कारण आदल्या दिवशी मंडळीचा हंगामाचा सण झाला होता आणि मंडप सोडायला कोणाला सवड नव्हती. एका दिवसानं काय होतं, असं शांतवननं मनाशी म्हटलं.

किन्हीराजाच्या अलीकडे एका गतिरोधकावर पेटी उसळली आणि वजन रस्त्यावर पडलं. त्यानं उचललं, धूळ पुसली, माथ्यावरचा शिक्का पाहिला. शिक्का जागेवर होता. बूड त्यानं पाहिलं नाही. तीस वर्षांत हजारदा वजनाचं बूड पाहिलेल्या माणसानं त्या दिवशी नुसता शिक्का पाहिला आणि पुढे गेला.

गुरुवारी सकाळी दुकानात त्यानं आठवड्याची तपासणी काढली. तिथल्या पेटीत दहा-दहाची दोन पितळी वजनं असतात, ती कधी रस्त्यावर जात नाहीत. त्यांच्यासमोर ते बिडाचं वजन ठेवलं, तर तराजू पितळेकडे कलला. शांतवननं वजन उलटं केलं. बुडाच्या कडेचा एक टवका गेला होता. बारीक वजनं टाकत तो तराजू सारखा केला : साठ ग्रॅम.

त्यानं स्टुलावर बसून विचार केला. एकोणीस किलो नऊशे चाळीस ग्रॅमला 'हे वीस आहे' असं त्यानं दोन काट्यांना शिकवलं होतं. दोन्ही काटे आता थोडं जास्त दाखवत असणार. शिक्का मिळेपर्यंत काटा वापरू नका, असं त्यानं दोन्हीकडे सांगितलं होतं. हे वाक्य तो प्रत्येकाला सांगतो आणि हंगामात ते कोणी पाळत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

गप्प बसणं सोपं होतं. चार दिवसांनी दोन्ही काटे शिबिराला येणारच होते. दारातच, दोन मिनिटांत, त्यानं ते सारखे केले असते आणि पृथ्वीवर कोणाला कळलं नसतं. उलट आता बोंब झाली, तर रविवारी उबाळेंच्या कानावर काय जाईल? उपदेशक व्हायला निघालेला माणूस खोटं वजन घेऊन हिंडतो.

गप्प बसण्याचा हा सगळा विचार त्यानं केला, पण तो वाटेतल्या मालेगावच्या पुढे गेल्यावर. स्टुलावरून उठून, दुसरं वजन ताडपत्रीच्या दोरीतून सोडवून, त्यानं गाडीला किक कधी मारली हे त्याला नीट सांगता येत नाही. विजयमाला सांगते. ती दुकानाच्या दारात डबा घेऊन उभी होती. रोज निघताना गाडीच्या सीटवर हात ठेवून हा माणूस मिनिटभर प्रार्थना करतो, आणि त्या दिवशी ना डबा घेतला ना प्रार्थना केली.

जऊळक्याला धरमसिंग राठोडचं धान्य खरेदीचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर आहे. दुकानापुढे पंधरा-वीस शेतकरी पोती लावून बसले होते. त्यात जानरावही होते. त्यांचं पोतं काट्यावर चढलेलं होतं.

"थांबा," शांतवन गाडीवरूनच ओरडला. "ते पोतं उतरवा. काटा चुकीचा हाय."

काटा चुकीचा असं कोणी उघड म्हटलं की पुढे भांडण होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. धरमसिंग गादीवरून उठले.

"खिल्लारे, काय बोलून राह्यले तुमी? सोमवारीच तर तुमी लावून गेले."

"मीच चुकीचा लावला. माह्या वजनाचा टवका उडला. वीस किलोमागं साठ ग्रॅम जास्त दाखवून राह्यला तुमचा काटा."

जानरावांनी कान टवकारले. "जास्त म्हणजे? कोणाच्या बाजूनं जास्त?"

"तुमच्या."

"म्हणजे आमी आणलं त्याहून जास्त भरून राह्यलं?"

"हो."

पहिल्यांदा एक जण हसला, मग सगळी रांग हसली. एकानं तर टोपी काढून काट्यालाच नमस्कार केला. जानराव शांतवनजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, मंग कायले सांगाले आला तू? माहा जन्म गेला, साऱ्या काट्यांनी आमालेच खाल्लं. आज एक काटा आमच्याकून झुकला तर झुकू दे की. देवाची मर्जी समज."

"देवाच्या मर्जीत असतं तर त्यानं भाव वाढवला असता," शांतवन म्हणाला. "माहं वजन कायले फोडलं असतं?"

"अबे, पण नुकसान झालं ते धरमसिंगचं! तो काय गरीब हाय?"

"बापा, मी अठीच उभा हावो," धरमसिंग म्हणाले.

"उभे राहा ना. मी कोठी तुमाले बसा म्हणलं?"

पुन्हा हशा झाला. शांतवन तोवर खाली बसून काट्याचं झाकण उघडत होता. जानराव त्याच्यापुढे उकिडवे बसले. आता ते खरंच विचारत होते.

"मले सांग, तुह्या देवानं सांगलं काय तुले, उठ अन् जऊळक्याले जा म्हणून?"

"नाही सांगलं."

"तू विचारलं होतं काय त्याले?"

"विचारलं बी नाही. प्रार्थना करायचीच राहिली आज."

"मंग बिनहुकमाचाच आला?"

"वजन कमी होतं ना, जानरावभाऊ."

"हे काय उत्तर झालं?"

"दुसरं नाही माह्याजवळ."

त्यानं दोन्ही वजनं आळीपाळीनं ठेवून काटा लावला आणि बाजूला झाला. जानरावांचं पोतं पुन्हा चढवलं. आकडा थोडा उतरला. जानराव आकड्याकडे बघत राहिले, मग शांतवनकडे, मग धरमसिंगकडे. "सोमवारी दोन पोती घातली होती मी," ते म्हणाले. पोत्याचं तोंड सोडून त्यांनी दोन ओंजळी सोयाबीन काढलं आणि धरमसिंगच्या ढिगावर टाकलं. "घ्या, मोठे व्हा."

बाकीच्यांना हा खेळच मिळाला. सोमवारपासून ज्यांनी ज्यांनी माल घातला होता, ते एकेक करून उठले आणि पोत्यामागे एक ओंजळ ढिगावर फेकू लागले. फेकताना प्रत्येक जण धरमसिंगला काही तरी सुनावत होता. "लेकीच्या लग्नाले होईन!" "बंगल्यावर माळा चढवा एक!" एक जण दोन पोती घालून एकच ओंजळ टाकून बसला, तर रांगेनं त्याला पुन्हा उठवलं. धरमसिंग आधी चिडले होते. तिसऱ्या ओंजळीला त्यांना हसू आलं आणि पाचवीला त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

किन्हीराजाला एवढी मजा नव्हती. तिथे काटा होता प्रयागबाईंच्या पिठाच्या गिरणीत आणि तीच चूक तिथे उलट्या बाजूला पडत होती. गावातल्या बायकांचे दळणाचे डबे थोडे जास्त भरत होते आणि दळणावळ त्याच मापानं घेतली जात होती. प्रयागबाई पासष्ट वर्षांच्या, पिठानं पांढऱ्या झालेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गिरणीचा पट्टा बंद केला.

"म्हणजे तीन दिवस मी चोर होती?"

"तुमी नाही, मावशी. मी."

"वजनावर शिक्का होता ना तुह्या?"

"होता. अजून हाय."

"मंग त्या शिक्क्याले काय चाटू?"

शांतवननं काट्याचं झाकण उघडलं. काटा लावून होईपर्यंत प्रयागबाई दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होत्या की तीन दिवस माझ्याकडून जास्त घेतलं गेलं, पुढचा डबा आणा, तो न तोलता दळून देते, आणि हा बसलाय तो माणूस पाहून ठेवा. बायकांनी पाहून ठेवला. निघताना प्रयागबाईंनीच त्याला भाकर आणि ठेचा दिला. डबा विसरलेला माणूस तोंडावरून ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं.

रविवारपर्यंत ही बातमी रिसोडात पोहोचली नसती तरच नवल. जानराव शुक्रवारी बाजाराला आले होते. त्यांनी ती जितक्या वेळा सांगितली, तितका टवका मोठा होत गेला. उपासना संपल्यावर मागच्या खोलीत उबाळे आणि दोन परीक्षक बसले, तेव्हा त्यांनी पहिलंच जे विचारलं ते समोरच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

"तुमचं वजन अर्धा किलो कमी निघालं म्हणतात," उबाळे म्हणाले.

"साठ ग्रॅम, साहेब."

त्यानं सगळं सांगितलं. एक वजन घेऊन निघालो इथपासून, बूड न पाहिल्यापर्यंत. दुसरे परीक्षक, निवृत्त विज्ञान शिक्षक, लिहून घेत होते.

"तिथे गेलात ते देवाची आज्ञा आठवून?" उबाळेंनी विचारलं.

"खरं सांगतो. आज्ञा आठवली नाही. प्रार्थनाही केली नव्हती."

शिक्षकांचं पेन थांबलं. तिसऱ्या परीक्षकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मग देवावाचून भागलं म्हणायचं," उबाळे म्हणाले. आवाज शांतच होता. "चांगलं काय ते तुम्हाला परस्पर कळलं. त्याची गरज कुठे पडली?"

शांतवन गिऱ्हाईकाला काटा समजावून सांगताना बोलतो तसा, न अडखळता बोलला.

"साहेब, मागच्या वर्षी माझी एक चूक झाली. मी देवाला निरीक्षक समजत होतो. बाहेरून येतो, शिक्का मारतो. तसं धरलं की तुमच्या प्रश्नातून सुटका नाही. निरीक्षक मनाला येईल त्यावर शिक्का मारत असेल, तर शिक्क्याला अर्थ नाही. दुसऱ्याच्या वजनाशी ताडून मारत असेल, तर मोठा तो दुसरा. पण देव निरीक्षक नाही. तो मूळ वजन आहे. मूळ वजन कोणाचं ऐकून किलो होत नाही. आणि मूळ वजन आज किलो, उद्या पाऊण किलो, असंही करत नाही. त्याचं असणं म्हणजेच किलो. तसा देव चांगुलपणाची यादी बघून चांगला नाही आणि मनाला येईल ते चांगलं ठरवतही नाही. तो जसा आहे, त्याला आपण चांगलं म्हणतो."

"आणि आज्ञा?"

"आज्ञा म्हणजे शिक्का. ती खोटी नाही. आम्हाला ओळखायला लागते. पण माझ्या दुकानात पितळी वजनं आहेत, ती त्या मुळावरूनच उतरत उतरत आली. गुरुवारी मला कोणी आज्ञा केली नाही हे खरं. पण तराजू कलला तो त्या वजनांमुळे. मग मी देवावाचून गेलो असं कसं म्हणू?"

"जानरावांनी ओंजळ टाकली," उबाळे म्हणाले. त्यांना सगळी बातमी होती. "ते तर आपला देव मानत नाहीत."

"दिल्लीचा किलो त्यांनीही पाहिला नाही, साहेब. पण त्यांच्या घरचा किलो तोच आहे."

आता शिक्षकांना राहवेना. "एक दुरुस्ती," ते म्हणाले. "किलो आता धातूचा राहिलेला नाही. काही वर्षांपूर्वी बदललं. आता तो निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून ठरवतात. दिल्लीतला ठोकळा हीसुद्धा नक्कलच."

"मग तर बरंच झालं," शांतवन म्हणाला. "देव तरी कुठे धातूचा आहे?"

तिसरे परीक्षक मोठ्यानं हसले आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. उबाळे हसले नाहीत. त्यांनी कागद पुढे ओढला.

"तुमचं उत्तर पुरं नाही," ते म्हणाले. "देव चांगला आहे हे कशावरून, असं मी अजून विचारू शकतो, आणि तुम्ही पुन्हा दिल्लीला जाल. मोठमोठ्या लोकांचं यावर शेकडो वर्षं भांडण चाललंय. ते रिसोडात मिटेल अशी माझी अपेक्षा नव्हती."

त्यांनी सही केली. शिक्षकांनी केली. तिसऱ्यांनी सहीआधी विचारलं, ते वजन आता कुठे आहे?

"भंगारात घातलं," शांतवन म्हणाला. "शिक्का फोडून."

उबाळेंनी परवाना त्याच्या हातात दिला आणि नियम वाचून दाखवले : उपदेश वीस मिनिटांपेक्षा लांबवायचा नाही, राजकारणावर बोलायचं नाही, आणि हा परवाना एकाच वर्षाचा आहे, पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा तपासणी होईल. हा शेवटचा नियम ऐकून बरेच जण नाराज होतात, असं उबाळे नंतर विजयमालाला म्हणाले. तुमचे मिस्टर पहिलेच, ज्यांनी डायरी काढून तारीख विचारली.